आतलं औषध तेच

मेडिकल दुकानात दोन गोष्टी साठतच जातात. एक, न खपलेला माल आणि दुसरी, किस्से. मालावर निदान एक्सपायरी तरी छापलेली असते! आमच्याकडचे किस्से इतके झालेत, की एखाद्या दिवशी खोक्यात भरून ते कंपनीला परत पाठवावे लागतील.

आमचं दुकान जवळा बाजार या गावी, ऐन बाजाराच्या रस्त्यावर. पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये फुलाफुलांचा पडदा. काउंटरच्या वर, भिंतीवर, माझं फार्मासिस्टचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय. मी स्वतः पडद्याच्या मागे असते. म्हणजे कायद्यानं दुकानात आणि रीतीनं स्वयंपाकघरात!

तर हे सगळे किस्से पडद्याआडून ऐकलेले आहेत. थोडंफार इकडचं तिकडचं समजून घ्या.

* * *

माझं लग्न जमलं तेच मुळी त्या सर्टिफिकेटवर. पाहायला आले तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, स्वयंपाक येतो का असं विचारलंच नाही. पहिलाच प्रश्न, "रजिस्ट्रेशन झालं का बाई?"

मी मनातल्या मनात काउंटरवर उभीसुद्धा राहिले! कॉलेजात असल्यापासून मला तेवढं एकच हवं होतं.

लग्नाच्या मांडवाची पानं वाळायच्या आत सासूबाईंनी निकाल दिला. त्यांना मी आत्याबाई म्हणते. "नवी नवरी भर बाजारात उभी ऱ्हाती व्हय? लोक काय म्हनतील? तुझा फोटो लावलाय ना भितीवर, बास झालं."

तो फोटो नाही, सर्टिफिकेट आहे, हे सांगायचं धाडस तेव्हा माझ्यात नव्हतं.

* * *

माझं मूळ नाव अन्नपूर्णा. आजीनं ठेवलेलं. लग्नात ताटातल्या तांदळावर ह्यांनी अंगठीनं नवं नाव लिहिलं, रिया. छोटं, चटपटीत, चटकन तोंडात बसणारं.

आम्हाला शिकवलेलं होतं, औषधाचं मूळ नाव लांबलचक असतं, मग कंपनी त्यावर आपलं दोन अक्षरी ब्रँडनेम चिकटवते. त्याचं प्रॅक्टिकल माझ्यावरच होईल असं वाटलं नव्हतं!

पुढे एकदा माझ्या भावाचा फोन आला. फोन आत्याबाईंनी उचलला. भाऊ सवयीनं म्हणाला, "अन्नपूर्णाला द्या ना जरा."

आत्याबाईंनी त्याला जागच्या जागी बजावलं, "ते नाव आता तुमच्या इथंच ठिवा." मग माझ्याकडे वळून, "आन् तूबी ध्यानात ठिव. या घरात त्या नावाला ओ द्यायची न्हाई!"

मी मान हलवली. मी बहुतेक वेळा मानच हलवते. लोकांना ते संमतीसारखं वाटतं.

* * *

औषधांची वर्गवारी शिकण्यात मी दोन वर्षं घालवली. मामांनी तिचे तीनच वर्ग केलेत. मोठ्यानं मागायची, हळू मागायची आणि न मागता द्यायची.

टॉनिक लोक मोठ्यानं मागतात, म्हणून ते समोरच्या काचेत. हळू मागायची औषधं भिंतीच्या कोपऱ्यात. तिथं मामा मान न वळवता हात घालतात, गिऱ्हाईक आभाळाकडे बघतं आणि व्यवहार पूर्ण होतो. न मागता द्यायची म्हणजे ॲसिडिटीची गोळी. ती मामा कशासोबतही देतात. कुणी नुसतं थर्मामीटर घेतलं तरी!

एका दुपारी दुकान बंद होतं, मामा आत झोपलेले. मी गुपचूप सगळे रॅक शास्त्राप्रमाणे लावून टाकले. एका औषधाचे जितके ब्रँड, तितके सगळे एका जागी.

मामा उठून आले आणि बघतच राहिले. जवळजवळ अर्धी भिंत एकसलग लागलेली.

"हे कशाचं हे येवढं?"

"पॅरासिटामॉल, मामा. नावं वेगवेगळी, आतलं औषध तेच."

मामा खुर्चीत बसले. त्या अर्ध्या भिंतीकडे बघत म्हणाले, "म्हंजे आजवर मी एकच गोळी इकून ऱ्हायलो व्हय?"

दुसऱ्या दिवशी रॅक पहिल्यासारखे. "गिऱ्हाइकाच्या ध्यानात आलं म्हंजे?" म्हणाले.

* * *

गिऱ्हाइकांची तर स्वतःची वर्गवारी असते. गोळी एक तर गरम असते, नाही तर थंड. तिसरा प्रकार नाही.

तांड्यावरची एक मावशी नातवाला घेऊन आली. चिठ्ठी दिली, गोळ्या घेतल्या आणि विचारलं, "भाऊ, ह्या गरम हेत का थंड?"

मामांनी क्षणाचाही विचार केला नाही. "गरम हेत. पन थंड पान्यासंग घ्या, बराबर व्हतंय!"

मावशी समाधानानं गेली. आत मी फार्माकॉलॉजीच्या पुस्तकावर वाटीभर शेंगदाणे निवडत होते.

* * *

काही पाकिटांवर उभी लाल पट्टी असते. तिचा अर्थ, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नका. लोकांना जरा भीती वाटावी, म्हणून ती छापलेली.

बाजाराच्या दिवशी एक बाबा आले. धोतर, पांढरी टोपी, हातात मेथीची जुडी. सर्दी झाली होती म्हणून ह्यांनी साधी गोळी दिली. बाबांनी पाकीट उलटून पालटून बघितलं आणि परत सरकवलं.

"लाल पट्टीची द्या. ही डुप्लिकेट दिसून ऱ्हायली."

"बाबा, लाल पट्टी म्हणजे धोका!"

"त्येच म्हनतो मी. धोका असल्याबिगर गुन यील का?"

* * *

हा एक अगदी छोटा. एक काका घाईघाईत आले.

"मागल्या टायमाला दिली ती गोळी ध्यानात हे का?"

मामा म्हणाले, "कोनती?"

"ती व्हो, गुलाबी. जिनं काहीच गुन आला न्हाई ती."

"मग ती कशाला मागता?"

"मागतो कुठं? ती देऊ नका, येवढंच सांगायला आलतो!"

* * *

आत्याबाईंना बीपी आहे. एकदा त्यांच्या नेहमीच्या गोळ्या कंपनीकडूनच येईनात. हे हिंगोलीला गेले होते, तिथल्या जेनेरिकच्या दुकानातून घेऊन आले. पाकिटावर फक्त औषधाचं मूळ नाव.

आत्याबाईंनी पाकीट लांब धरलं. "हिला नावच न्हाई."

मी म्हटलं, "आहे ना. हे काय, ॲम्लोडिपिन."

"ते नाव व्हय? घरदार न्हाई, कंपनी न्हाई. असली बेवारशी गोळी पोटात घालू का मी?"

त्या दिवशी मी लग्नानंतरचं सगळ्यात लांब भाषण केलं. "आत्याबाई, तुमच्या नेहमीच्या गोळीचं नाव कंपनीनं ठेवलेलं असतं. कंपनी बदलली की वरचं नाव बदलतं. आतलं औषध तेच असतंय."

त्यांनी गोळी तळहातावर घेतली. उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "मंग मूळ नाव जातंय कुठं?"

"जात नाही. पाकिटावर असतं. बारीक अक्षरात."

आत्याबाईंनी गोळी गिळली. मग जुनं, कंपनीचं रिकामं पाकीट शोधून आणलं आणि माझ्याकडे चष्मा मागितला.

* * *

आता शेवटचा. तो मी पडद्याआडून ऐकला, पण अर्धाच.

बाजाराचा दिवस होता. मामा मयतीला गेलेले, हे माल आणायला हिंगोलीला. येणाऱ्याला "जरा थांबा" म्हणायला आत्याबाई काउंटरवर बसल्या होत्या. मी आत भाकरी थापत होते.

एक साहेब आले. हातात बॅग, पायात बूट. औषध काही मागेनात. "दुकानाचे फार्मासिस्ट कोण?"

आत्याबाईंनी बोट वर केलं. "ते काय, भितीवर."

"तो कागद झाला, आजी. माणूस कुठंय? मी औषध खात्याकडून आलोय." साहेबांनी मान वर करून फ्रेम वाचली. "अन्नपूर्णा. कुठं आहेत या?"

आत्याबाईंच्या तोंडून सवयीनं गेलं, "त्या नावाचं इथं कुनी ऱ्हात न्हाई!"

मग साहेबांचा आवाज, "फार्मासिस्टच नाही म्हणता? मग दुकान चालूच कसं? शटर खाली घ्या."

"रियाऽऽ!" आत्याबाई ओरडल्या.

मी पिठाच्या हातांनी पडदा सरकवला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही रिया ना? मग तुमचं काम नाही. मला अन्नपूर्णा पाहिजेत."

मी मान हलवली आणि पडदा सोडून आत गेले.

तव्यावरची भाकरी उलटली. मग आत्याबाईंचा आवाज आला. आधी खाकरल्या. मग हळू, हळू मागायच्या औषधासारखं, "अन्नपूर्णे."

मी भाकरीकडे बघत राहिले. या घरात त्या नावाला ओ द्यायची नाही, असं मला सांगितलेलं होतं.

"अगं ए अन्नपूर्णेऽऽ!" आता मात्र मेथीवाल्या बायांनीसुद्धा माना वळवल्या असतील.

"ओ, आत्याबाई!"

मी हात पुसून बाहेर आले आणि फ्रेमखाली उभी राहिले. साहेबांनी चष्मा काढला. "आत्ता तर या रिया होत्या?"

"व्हय की," आत्याबाई म्हणाल्या. "रिया हे वरचं नाव, आमी ठिवलेलं. आतलं औषध तेच हे!"

साहेबांनी पुन्हा फ्रेम वाचली, माझ्याकडे बघितलं, माझ्या मनगटावरच्या पिठाकडे बघितलं. "मग या काउंटरवर का नसतात?"

आत्याबाई खुर्चीतून उठल्या. खुर्ची पदरानं झटकली, माझ्याकडे सरकवली आणि डोळे वटारून मलाच म्हणाल्या,

"व्हय गं, काहून नसतीस तू इथं?"