हिरव्या पाण्यातली कशाभिका

आई मराठवाड्यातल्या एका शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवत होती. निवृत्तीनंतर मी तिला दिल्लीत मयूर विहारला माझ्याकडे आणलं आणि थोड्याच दिवसांत तिने परत जायचा धोशा लावला. इथे मला काही काम नाही, म्हणायची. माझी मुलगी नववीत, पण तिचं विज्ञान इंग्रजीत. आई उत्साहाने कशाभिका समजावू लागली, म्हणजे सूक्ष्मजीव पोहायला वापरतात ती चाबकासारखी शेपटी. मुलगी मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली, "फ्लॅजेला ना आजी? व्हिडिओ बघितलाय मी." आईचा चेहरा पडला. मला मुलीचा असा राग आला, पण ओरडून कुणाला विद्यार्थी करता येत नाही.

आई हट्टाला पेटली. सोसायटीच्या बंद कारंज्यातलं हिरवं पाणी तिने लोणच्याच्या बरणीत भरून आणलं आणि बाल्कनीत कूलरशेजारी ठेवलं. डेंग्यूच्या दिवसांत दिल्लीत पाणी साठवणं म्हणजे चलानला, दंडाच्या पावतीला आमंत्रण. मी कानीकपाळी ओरडले. ऐकेल ती आई कसली.

व्हायचं तेच झालं. डासांच्या अळ्या तपासणारा माणूस आला, त्याने कूलरमध्ये टॉर्च मारला आणि मग बरणी उचलली. "माताजी, ये फेंकना पड़ेगा."

"फेको, पण पहले देखो." आईने आपल्या हिंदीत हुकूम सोडला आणि शाळेने निरोपाला दिलेला सूक्ष्मदर्शक पुढे सरकवला. काचपट्टीवर एक थेंब, थेंबात कापसाचे तंतू. त्यात जीव अडखळतात आणि नीट दिसतात, हे तिचं जुनं तंत्र. बिचारा वाकला तो उठेचना. मी चलानच्या धास्तीने चहा टाकला.

"ये तो चाबुक चला रहा है," शेवटी तो म्हणाला.

"तिलाच कशाभिका म्हणतात," आई वर्गात सांगावं तसं मराठीतच म्हणाली. तोवर मुलगी मोबाईल टाकून त्याच्या मागे नंबर लावून उभी होती.

पाणी मात्र त्याने ओतायला लावलंच. चलान केलं नाही, चहा घेतला आणि गेला.

संध्याकाळी आई काचपट्ट्या पुसत होती. मी जरा घाबरतच विचारलं, गावाचं तिकीट बघू का?

"पुढच्या आठवड्यात तो परत येणार ना," ती वर न बघता म्हणाली. "त्याला अमीबा बघायचाय. मी नसले तर दाखवणार कोण?"