डाव्या डोळ्याखालचा भोवरा

देवानं माणसं घडवताना आमच्या साडूंचा सल्ला घेतला असता, तर जगात कुणी कधी हरवलं नसतं. मात्र एकाही पोराचं लग्न जमलं नसतं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान मूळचे पाटणचे. पलटणीत घोड्यांच्या तबेल्यावर कारकून होते. प्रत्येक घोड्याच्या ओळखीचा कागद लिहायचा, हेच काम: रंग कोणता, कपाळावर टिळा कसा, कुठल्या पायाला पांढरं, केसांचे भोवरे कुठे. पेन्शनीत आले तरी सवय सुटेना. समोर माणूस आला की ‘बसा’ म्हणायचं विसरून त्याच्याभोवती एक फेरी मारत. पुतणीला बघायला आलेल्या मुलाभोवती अशीच फेरी मारून ते त्याच्या बापाला म्हणाले, "चाल बरी हाय. मागचा डावा जरा वढतोय." पाहुणे चहालाही थांबले नाहीत. जत्रेत माझी बायको चुकली, तेव्हा पोलिसाला वर्णन यांनीच दिलं: "रंग बदामी, मानंवर भोवरा, हाक मारली की मान झटकती." ती मागंच उभी राहून ऐकत होती. पुढं वर्षभर तिनं त्यांना पान वाढलं नाही.

मी मात्र त्यांना धरून होतो. गवताचे भारे विकत विकत मी कराडात घोड्यांचा धंदा उभा केला होता. पण साठ सालानंतर रस्त्यावर रोज नवा ट्रक दिसायचा, टांगे मोडीत निघत होते, आणि मला बसल्या जागी चैन पडत नव्हतं. चांगलं जनावर एकच उरलं होतं, सरकारी वळू घोड्यापासून झालेला कुमैत, काळसर तांबड्या रंगाचा. तो चांगला खपला की घोडे सोडायचे आणि ट्रकात पडायचं, हे मी ठरवलं होतं. सांगलीकडच्या एका बागायतदारांना तो पसंतही पडला. म्हणाले, "आई-बाप लिहिलेला, डॉक्टरांच्या सहीचा कागद असेल तरच बोला."

साडूंना बोलावलं; कागद ते लिहिणार, जनावरांचे डॉक्टर खाली सही करणार. अडचण एवढीच की घोड्याच्या डाव्या डोळ्याखाली भोवरा होता. त्याला आसूढाळ म्हणतात. असा घोडा धन्याला रडवतो, अशी समजूत. बागायतदार दोनदा आले, दोन्ही वेळा मी घोडा उजव्या अंगानंच दाखवला होता.

"दादा, सगळं लिवा, तेवढा भोवरा ऱ्हाऊ द्या."

"मग ह्यो घोडा न्हवं."

"म्होरं हुबा हाय की!"

"पावणं, रंग उतरंल, दात झिजत्याल, भोवरा हालत न्हाई. त्यो गाळला तर ही दुसऱ्याच घोड्याची ओळख झाली. त्यो घोडा आणा, त्येची लिवतो."

मी नाही नाही ते बोललो. ते उठले, घोड्याला फेरी मारली, बसले, परत उठले, आणि सगळ्यात आधी भोवराच लिहिला. बागायतदारांनी कागद वाचला, डाव्या अंगाला येऊन बघितलं, टोपी नीट केली आणि मोटारीत बसले. तो राग माझ्या पोटात अजून आहे.

पुढं घोडा दावणीला पाय आपटायचा, मी ओट्यावर येरझारा घालायचो, आणि साडू दर बाजाराला पाटणहून येऊन दोघांकडं बघत राहायचे. मी त्यांना चहासुद्धा विचारत नव्हतो. शेवटी मिरजेचा एक टांगेवाला आला, बौद्ध झालेल्या घरातला. मी घोडा उजव्या अंगानं उभा करतोय, तोच साडू म्हणाले, "आसूढाळ हाय बरं का."

तो हसला. "आवं, आमी देव सोडलं, भोवरा कुठं धरून बसू? घोडा कागदापरमानं हाय न्हवं?"

"केसागणिक."

सांगलीचा भाव मिळाला नाही. ट्रकात भागी तेवढी झाली, अख्खा ट्रक पुढं कितीतरी वर्षांनी आला. साडू भेटले की मी ते उकरून काढायचो, ते तेच उत्तर द्यायचे, आणि आत आमच्या बायका ताटं घेऊन ताटकळायच्या. आता साडू नाहीत. सांगलीच्या रस्त्याला लागलो की माझं डोकं अजून तापतं, तोंडाशी सगळं येतं. पण निम्मं भांडण ते घेऊन गेले, आणि उरलेलं निम्मं मला एकट्याला भांडवत नाही.