परतीच्या नळीवरचा हात

२०२३ साल. माझं वय अडुसष्ट. चौथीपुढे शाळा पाहिली नाही, पण फ्रिज, डीप फ्रीजर, एसी यांतलं मी न उघडलेलं मशीन वर्धेत सापडणं मुश्कील, हे आजही छातीठोक सांगतो.

गॅस भरायची माझी एकच रीत. कंप्रेसरकडे गॅस परत आणणारी नळी, जिला सक्शन म्हणतात, ती मुठीत धरायची. पाहिजे तेवढी गार लागली की सिलिंडरची चावी बंद. सेलूचा एक मेकॅनिक माझ्याच हाताखाली शिकलेला. पुढे आयटीआय करून आला आणि नळीला चिमट्याचा थर्मामीटर लावू लागला. म्हणे, "उस्ताद, सुपरहीट मोजा लागते." चारचौघांत मी त्याला सुनावलं, "थर्मामीटर तापाच्या पोराले लावजो. मशीनले हात पुरते." तेव्हापासून त्याच्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो.

त्या उन्हाळ्यात जीव थाऱ्यावर नव्हता. एकदा चहा फुंकत बसलो होतो, तर बायको म्हणते, "अवो, काऊन फुकून राह्यले? पाणी झाला तो चाय." मी तिच्यावरच खेकसलो. पण मग येता-जाता हात लावून बघायची खोडच लागली. माठाला, उन्हातल्या गेटाला, पुन्हा माठाला. गार की गरम, हे बोटं उशिरा सांगायची, कधी सांगायचीच नाहीत. कोणाजवळ बोललो नाही.

त्याच दिवसांत सिंदी मेघेतल्या एका बाईंच्या डीप फ्रीजरचा गॅस गेला. शेतातला वाटाणा सोलून त्या वर्षभर विकतात. सगळा माल त्या एका पेटीत. गळती बंद केली, नळ्यांतली हवा ओढून व्हॅक्यूम केला, गॅस सोडला आणि पेटीमागच्या अंधारात हात घालून नळी धरली. नळी काही बोलेना. थोडा अजून सोडला. मग अजून थोडा. झालं म्हणून निघालो.

संध्याकाळी बाईंचा फोन. "काकाजी, कंप्रेसरच्या अंगावर बर्फ चढून राह्यला. हे बराबर आहे का?"

गेलो. टॉर्च मारला तर नळी पांढरीफेक, बर्फ थेट कंप्रेसरच्या डोक्यावर. गॅस जास्त झाला की पुरता उकळत नाही, पातळच कंप्रेसरमध्ये शिरतो आणि त्याचा जीव घेतो. अन् हीच नळी दुपारी माझ्या मुठीत होती.

"बंद करा," मी म्हणालो.

"अन् माझा वाटाणा?"

"झाकण उघडू नका. सकाळपर्यंत टिकते."

"पण झालं काय?"

"व्होल्टेजचा घोटाळा आहे," मी खोटं बोललो आणि गाडीला किक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेलूला त्याचं शटर उघडायच्या आधीच मी पायरीवर जाऊन बसलो. तो आला, थबकला. "उस्ताद? तुम्ही?"

"तो चिमटा घे. सिंदी मेघेले चाल."

"हातानं नाई जमलं का?"

"नाई जमलं."

त्यानं चिमटा पिशवीत टाकला आणि गाडी काढली. त्याच्या गाडीवर मागे बसून रस्ताभर विचारत गेलो. सगळा गॅस उकळून झाल्यावर नळीत तो आणखी किती अंश तापला, तो आकडा म्हणजे सुपरहीट. बर्फ कंप्रेसरवर आला म्हणजे आकडा शून्यावर आला. एवढंच होतं. बाईंच्या दारात त्याच्या आधी मीच उतरलो, आत गेलो आणि म्हणालो, "बाई, व्होल्टेज ठीक होता. गॅस मी जास्त भरला."