सावली पडेपर्यंत

अमेरिकेत आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझे पीएच.डी.चे गाइड म्हणाले, "मला पहिल्या नावानं हाक मार, इथे सगळेच मारतात." ते वयानं माझ्या बाबांएवढे. मी हसून हो म्हटलं आणि पुढची तीन वर्षं त्यांना हाकच मारली नाही. काही विचारायचं असलं की त्यांच्या दारात जाऊन उभी राहायची. त्यांनी मान वर केली की बोलायची. ई-मेल नुसत्या ‘हॅलो’नं सुरू करायची. लॅबमध्ये हे कुणालाही कळलं नव्हतं.

आई सहा महिन्यांसाठी राहायला आली. तिला आठवड्याभरात कळलं.

"सर नाही म्हणत?"

"इथे सर म्हणत नाहीत."

"मग नावानं?"

"सगळे नावानंच म्हणतात."

"सगळ्यांचं नाही विचारलं. तू?"

मी मेथी निवडत राहिले. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांतून तिनं एवढी मेथी आणली होती की माझा फ्रिज बंद होत नव्हता.

"म्हणजे मागून हाक मारायची वेळ आली तर काय करतेस? पळत पुढे जातेस?"

"आई, प्लीज."

"जातेस ना? शाळेतही हेच. बस सुटताना दिसली तरी ड्रायव्हरला हाक मारायची नाहीस. चालत घरी यायचीस."

खरं होतं. इंग्रजी शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे आणि घरी माझं मराठी ऐकून मामा हसायचे. दोन्हीकडे कमी बोलावं हे मला लवकरच सोयीचं वाटू लागलं. पुढे दगडांच्या विषयात आले त्यात याचाही थोडा वाटा असेल. माझा आत्तेभाऊ रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो फोनवर दर वेळी विचारतो, "अजून दगडच का?" मी त्यालाही नीट उत्तर दिलेलं नाही.

ते असं आहे. लाव्हा थंड होऊन दगड बनतो तेव्हा त्यातले लोहाचे बारीक कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा पकडतात आणि तशीच धरून ठेवतात. कोट्यवधी वर्षांनीही ती मोजता येते. तेव्हा ती जमीन पृथ्वीवर साधारण कुठे होती, हे त्यावरून काढता येतं. अडचण अशी की दगड पुन्हा खूप तापला तर जुनी दिशा सोडून नवी घेतो, आणि वरून पाहून ते कळत नाही.

माझ्या गाइडचं नाव झालं ते लेक सुपीरिअरला मिळणाऱ्या एका नदीच्या काठावरच्या कामामुळे. तिथे जुना कातळ चिरून वर आलेला लाव्ह्याचा एक उभा पट्टा आहे. त्या पट्ट्यातली दिशा त्यांनी तरुणपणी मोजली आणि ती पट्ट्याच्या जन्मापासूनची आहे असं मांडलं. ते तपासून पाहणं हे माझं काम होतं. पट्टा वर आला तेव्हा त्यानं शेजारचा कातळ भाजून काढला असणार, म्हणून शेजारी पट्ट्याचीच दिशा मिळणार. पण दूरच्या कातळापर्यंत ती आच पोचली नसणार. तिथे वेगळी, जुनी दिशा मिळायला हवी. तिथेही पट्ट्याचीच मिळाली, तर सगळा काठच नंतर केव्हातरी तापला होता असा अर्थ निघतो, आणि मग गाइडचं म्हणणं टिकत नाही.

आदल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिथे गेलो होतो. काळा, पायऱ्यापायऱ्यांचा कातळ पाहून मला आपला घाट आठवला. मी ते बोलले नाही. ड्रिलनं कातळातून अंगठ्याएवढ्या जाडीच्या कांड्या काढायच्या असतात. कांडी सुटी करण्याआधी ती कुठल्या दिशेला तोंड करून होती हे टिपावं लागतं, नाहीतर पुढचं सगळं मोजमाप फुकट. होकायंत्र असतंच, पण कातळात चुंबकत्व जास्त असलं तर सुई त्याच्याकडे खेचली जाते. म्हणून दुसरा उपाय सूर्याचा. यंत्रावर एक उभी पितळी तार असते, तिची सावली तबकडीवर कुठे पडली ते वेळेसकट वाचायचं. सावलीला कातळ खेचू शकत नाही.

दूरच्या कातळावर पोचलो तेव्हा आभाळ भरलेलं होतं. डास तर इतके की बोलायला तोंड उघडायची सोय नव्हती.

"सोड, सुईवर भागवू," गाइड म्हणाले.

मी कांड्या भोकांतच ठेवून तिथे उभी राहिले. ते खांदे उडवून वर ट्रककडे गेले. बऱ्याच वेळानं ढग फाटले. ते खाली आले, एका हातात सँडविच. सुई त्यांनी वाचली, सावली मी. प्रत्येक भोकाशी मी फोनवर हिशेब करून पाहिला. दोन्हींचे आकडे जुळत होते.

"आज तुझ्या सूर्याचं आणि माझ्या सुईचं भांडण नाही दिसत," ते म्हणाले.

हिवाळ्यात त्या कांड्या ओव्हनमध्ये टप्प्याटप्प्यानं तापवून मोजायला घेतल्या. मोजायची खोली पृथ्वीच्या आजच्या चुंबकत्वापासून झाकलेली असते. आत जाताना अंगावर लोखंड चालत नाही. घरी कंटाळलेली आई एकदा बघायला आली. दारात तिच्याकडून सेफ्टी पिना काढून घ्याव्या लागल्या. बांगडीतल्या निघाल्या, मंगळसूत्रातली निघाली, स्वेटरच्या आतून आणखी दोन निघाल्या. गाइड कौतुकानं बघत होते.

"माणूस चांगला दिसतो," आई मला म्हणाली. "हाक मारायला काय होतं?"

"काय म्हणाल्या?" गाइडनी विचारलं.

"लॅब स्वच्छ आहे म्हणते."

त्यानंतर रोज संध्याकाळी तिचा एकच प्रश्न. "आज काय म्हणाला दगड?" एके दिवशी मी सांगितलं, दूरचा दगडही पट्ट्याचंच म्हणतोय.

"मग?"

"मग सरांचं चुकलं असेल."

"सांगितलंस?"

"ग्राफ पाठवलाय."

"बोललीस का, ते विचारतेय."

पुढच्या वर्षी मला नोकरी शोधायची होती आणि तिथे त्यांचा शब्द लागणार होता. आईला हे मी सांगितलं नाही, पण तिला ते माहीत असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाइडनी मला बोलावलं. संध्याकाळच्या विमानानं ते एका परिषदेला निघाले होते. माझ्या तपासणीत आपलं म्हणणं टिकलं असं तिथे सांगायचं त्यांच्या मनात होतं. ग्राफकडे बराच वेळ बघून ते म्हणाले, "दूरच्या कांड्या सोडून दे. ढगाळ होतं, नुसत्या सुईवर घेतल्या आपण. सुई खेचली गेली असणार. दिशाच चुकीची धरली."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना फक्त ढग आठवत होते. मी मान हलवली. ती होकारार्थी हलली असं त्यांना वाटलं असणार. मलाही खात्री नाही. त्यांनी बॅग उचलली आणि ते निघाले.

मी त्यांच्या रिकाम्या खोलीच्या दारात उभी होते. कॉरिडॉरच्या टोकाला त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. पळत पुढे जाता आलं असतं, पण लिफ्ट तोवर आली असती.

मी त्यांना हाक मारली. नावानं. खालून तिसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीला मारावी एवढ्या मोठ्यानं. शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं.

ते वळले.

"त्या दिवशी ऊन आलं होतं," मी चालत चालत म्हणाले. "तुम्ही ट्रककडून खाली आलात तेव्हा. सुई तुम्ही वाचलीत, सावली मी. दोन्हींचे आकडे जुळले होते."

"सगळ्या भोकांचे?"

"सगळ्या. तुमच्या हातात सँडविच होतं. तुम्ही म्हणालात, आज सूर्याचं आणि सुईचं भांडण नाही."

लिफ्ट आली, उघडली, बंद झाली. ते बंद दाराकडे बघत राहिले.

"टर्की," ते म्हणाले. "टर्की सँडविच होतं." मग थोड्या वेळानं, "ग्राफ पुन्हा पाठव. सगळ्या कांड्या घालून. विमानात बघतो."

लिफ्ट पुन्हा न बोलावता ते जिन्यानं खाली गेले. परिषदेत त्यांनी आपलं जुनं म्हणणं तपासणीत टिकलं नाही असंच सांगितलं. हे मला दुसऱ्यांकडून कळलं. त्यानंतर काही आठवडे ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मला शिक्षा झाल्यासारखं वाटत होतं. पण ते स्वतःचे जुने आकडे एकेक करून पुन्हा तपासत होते, हे त्यांच्या उघड्या दारातून दिसायचं.

"नावानं मारलीस हाक?" आईनं त्या संध्याकाळी विचारलं होतं.

"हो."

"मोठ्यानं?"

"फारच."

तिनं माझ्या पानात आणखी एक मेथीचा पराठा वाढला आणि मी नको म्हणाले ते ऐकलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा गेलो, त्या नदीपासून बऱ्याच लांब. नंतर कधीच तापला नसेल असा कातळ शोधायचा होता. आभाळ भरलेलं, डास तसेच. मी पितळी तार यंत्रात बसवली. गाइडनी आभाळाकडे पाहिलं, ड्रिल बंद केलं आणि पाण्याचा कॅन उपडा करून त्यावर बसले. सुईचं नाव काढलं नाही. जरा वेळानं टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

तबकडीवर सावली उमटली तेव्हा त्यांना बहुधा डुलकी लागली होती. मी त्यांना हाक मारली.