अख्ख्या नववीचा सा

नव्वदच्या दशकात मी सुरतेला, उधन्याच्या एका मराठी शाळेत संगीत शिकवायचे. साहित्य म्हणजे भाता फाटलेली एक पेटी, आणि समोर आठवी-नववीची पोरं. बहुतेक खानदेशातून आलेल्या घरांतली; बाप लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आई घरी बसून साड्यांना टिकल्या लावणारी. त्या मागांच्या खडखडाटाशेजारी वाढल्यामुळे सगळ्यांचे आवाज टिपेला गेलेले. "बाई, पाणी प्यायला जाऊ?" एवढं विचारलं तरी शेजारच्या वर्गाला ऐकू जायचं.

नववीतल्या एका पोरीचा आवाज तर या सगळ्यांवर ताण होता. आवाज कसला, भोंगाच! आणि सूर एकच. गाणं वर जावो की खाली, ही आपली तिथेच. वर्ग खो खो हसायचा, ती मान खाली घालायची आणि पुन्हा त्याच सुरात गायची.

"अगं, जरा हळू गाशील का?" एकदा मी म्हटलं.

"बाई, हळू बोललं तर बाबांना कळतच नाही."

वर्षानुवर्षं लूमवर उभं राहून तिच्या वडिलांचे कान गेले होते. घरात फक्त हिचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचायचा. "गॅदरिंगला मी गाणार आहे, सांगून ठेवलंय त्यांना," ती म्हणाली, "अर्धी पाळी टाकून येणारेत."

झालं! त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं, "स्टेजवर चांगल्या गळ्याची निवडक पोरं उभी करा. बाकीची टाळ्या वाजवतील. आणि तो भोंगा अजिबात नको, ट्रस्टी येणार आहेत."

माझं डोकंच फिरलं. "सर, गणितात कच्च्या पोराला तुम्ही गणिताच्या तासाला बाहेर काढता का? गाईल तर अख्खी नववी गाईल. नाहीतर तुमच्या ट्रस्टींना तुम्हीच गाऊन दाखवा!"

"फजिती झाली तर तुमची जबाबदारी," ते म्हणाले.

"माझीच!" म्हटलं आणि तरातरा बाहेर आले.

बोलून तर बसले, आता करायचं काय? पोळ्या लाटता लाटता सुचलं. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, "लाव बघू तुझा तो सूर." तिने लावला. मी पेटीवर शोधला, तर एका काळ्या पट्टीवर तो चपखल बसला. म्हणजे पोरगी बेसूर नव्हतीच! तिच्याकडे एकच सूर होता, पण तो जराही हलत नव्हता. मग मी तोच अख्ख्या वर्गाचा सा ठरवला. तिने तंबोऱ्यासारखा नुसता सा धरायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या आधाराने गायचं. ती श्वास घ्यायला थांबली की मागची पोरं डळमळायची. तेव्हापासून वर्गात तिला कुणी हसलं नाही. उलट "ए, सोडू नको गं!" म्हणून विनवायचे.

गॅदरिंगच्या दिवशी पटांगणातला मांडव भरला होता. गाणं मीच तापीवर बांधलेलं. ऐन वेळी माईक शिट्ट्या मारायला लागला, तो मी सरळ बंद करायला लावला. आम्हाला माईक हवा होता कशाला? तिने सा लावला आणि अख्खी नववी त्यावर चढली. सुरेल, अर्धसुरेल, फाटकी, सगळी पोरं! माझ्या अंगावर काटा आला. मुख्याध्यापक ट्रस्टींच्या शेजारी बसून मान डोलावत होते, जणू ही सगळी त्यांचीच कल्पना.

शेवटी बाकीचे थांबले आणि फक्त तिचा सा उरला. तेवढ्यात मांडवाच्या पार मागे एक माणूस उठून उभा राहिला. अंगावर कामाचेच कपडे, केसांत सुताचा भुगा. लूमवर ओरडतात तसा तो ओरडला, "माले ऐकू येस वं माय! समदं ऐकू येस!"

अख्खा मांडव वळून बघायला लागला. तिने मात्र मान खाली घातली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण सूर होता तिथेच होता. थांबण्याची खूण करायला मी हात उचलला होता, तो तसाच धरून ठेवला. म्हटलं, गाऊ दे.