आजीने रचलेला टेका

पोलादपूरला एस.टी.तून उतरले तेव्हा माझ्या पिशवीत दहा किलो तांदूळ होते. दुसऱ्या दिवशी आजीचं वर्षश्राद्ध होतं. ती गेली तेव्हा मला मुंबईहून निघता आलं नव्हतं. निदान त्या दिवशीचा भात मी नेलेल्या तांदळाचा व्हावा, एवढंच मनात होतं.

जीपवाल्याने ओढ्यापाशीच थांबवलं. "पुढं दरड आलीय, ताई. वाडीवर पायवाटेनंच जावं लागेल." त्यानेच पिशवी माझ्या डोक्यावर चढवून दिली. ओढणीची चुंबळ (ओझ्याखालची कापडाची कडी) मला धड जमली नव्हती.

आजी याच वाटेने मोळी घेऊन बाजाराला जायची. परत येताना ओढ्यातला एक धोंडा पाटीत घालून आणायची, पण तो घरी कधी पोचायचा नाही. बायका हसायच्या. चौथीनंतर मला मामाकडे मुंबईला पाठवलं, त्या सकाळी तिने मला दाराशी उभं करून माझ्या खांद्याएवढी काठी तोडली. का, ते मी विचारलं नाही.

अर्ध्या चढावर मान भरून आली. खाली सावित्री नदी दिसत होती, दूर कशेडी घाटातले ट्रक आवाज न करता सरकत होते. ओझं उतरवावं, तर परत चढवणार कोण? वाटेवर चिटपाखरू नव्हतं. पिशवी इथेच टाकावी लागणार असं वाटून डोळे भरले.

मागून गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी आली.

"मुंबईची काय गो? मान ताठ ठेव, नायतर तांदूळ पाखरं जेवतील."

"मावशी, आता नाही होत."

"वळणापात्तुर चल. तिथं म्हातारीचा टेका हाय."

वळणावर धोंड्यांचा खांद्याएवढा ओटा होता. मुंबईला जाताना मी इथे नुसता ढीग पाहिला होता. मावशी ओट्याला लागून उभी राहिली, भारा डोक्यावरून अलगद त्यावर सरकला. मीही तसंच केलं. कुणाचा हात लागला नाही.

मावशीने नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली. खाता खाता मी ओट्याकडेच बघत होते. एका खेपेला एक धोंडा. किती वर्षं आणले असतील?

शेजारी वीतभर बुटका दुसरा ओटा होता.

"हा कशाला, मावशी?"

"तिच्या नातीसाठी. काठीचं माप लावून रचला. 'माझ्यासंगं बाजाराला येईल' म्हनायची. ती काय आलीच नाय. आता आमच्या पोरी टेकतात."

मी कोण, ते मला सांगवलं नाही. ओट्याला लागून उभी राहिले, पिशवी डोक्यावर ओढून घेतली आणि वाडीपर्यंत कुठे थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी भात त्याच तांदळाचा झाला. वाडीतल्या सगळ्यांनी खाल्ला.

परतताना वळणावर थांबले. मुंबईत लोक आजीबद्दल विचारत, तेव्हा मी सांगायचे, आजी मोळ्या विकायची. त्यापुढे मला काही माहीतच नव्हतं. बुटक्या ओट्यासमोर गुडघे वाकवले, खांदा त्याच्या काठाशी आला. रिकामी पिशवी त्यावर टेकवली, मग उचलून खाली उतरले.