वरचा ई

वरचा ई वाजेनासा झाला तेव्हा मी सगळा दोष बासरीला दिला. ही बासरी बांबूची नाही. पोलीस बँडमध्ये असते तसली, आडवी धरायची, धातूची, अंगभर कळा असलेली. लहानपणी नाशिकला आम्ही पोलीस लाइनीत राहायचो. शेजारचे बँडवाले काका ड्यूटीहून आले की मला घेऊन बसायचे, त्यांनीच ती माझ्या हातात दिली. पुढे इंजिनिअर झालो, सिल्वासाला सुताच्या कारखान्यात मेंटेनन्सला लागलो आणि शिकाऊ पोरं घेतात तसली एक साधी बासरी विकत घेतली. तिने इतकी वर्षं निभावून नेलं. गेल्या वर्षापासून मात्र तिचे वरच्या सप्तकातले सूर एकेक करून विरत चालले, आणि त्यातला, बँडवाले इंग्रजी अक्षराने ई म्हणतात तो सूर तर धड लागेचना.

कळांखालचे पॅड बदलून घेतले, तरी काही फरक नाही. मग आतलं बूच बदलून घेतलं. मुंबईच्या ज्या दुकानदाराकडे मी ही कामं करून घेतो तो दुसऱ्या खेपेला म्हणाला, "भाऊ, बासरी तो एकदम ओके आहे. मी स्वतः वाजवून बघितली." माझा विश्वास बसला नाही. त्याला कामाचा कंटाळा आला असणार असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती शाळेत शिकवते, माहेर कोकणातलं, आणि म्हणींच्या बाबतीत तिचा हात कुणी धरणार नाही. "नाचता येईना अंगण वाकडं," एवढंच म्हणून ती पुन्हा वह्या तपासायला लागली.

दुकानदार फोनवर म्हणाला, "मग आता स्टेप-अप घ्या की." हा शब्द मी कॉलेजनंतर पहिल्यांदाच ऐकत होतो. आमच्या कारखान्यात येणारी वीज उतरवूनच घ्यावी लागते, त्यामुळे आवारात ट्रान्सफॉर्मर आहे तो स्टेप-डाउन. स्टेप-अप म्हणजे शिकाऊच्या वरची आणि उस्तादांच्या खालची बासरी, असं त्याने समजावलं. आणि तिच्यात काय काय हवं ते आपण निवडायचं. तोंडाला लावायचा तुकडा, म्हणजे हेड, चांदीचं हवं की नुसता मुलामा चालेल. कळा बंद हव्यात की मधे भोक असलेल्या. खालचा तुकडा लांब हवा का. आणि एक जादा कळ, जिच्यामुळे वरचा ई न अडता लागतो.

ते ऐकलं आणि मी त्या कळेच्या नादीच लागलो. माझं दुखणं जगात इतरांनाही होतं, आणि त्यावर औषधही होतं. जेवताना, आंघोळ करताना, दादऱ्याच्या तलावाकाठी फिरायला गेल्यावरसुद्धा मी बायकोला चांदीचं हेड आणि ईची कळ यांच्याविषयी ऐकवत राहायचो. ती म्हणाली, लग्न ठरवताना तुम्ही माझी एवढी चौकशी केली नव्हती.

इथे माझ्या कानाबद्दल सांगायला हवं, कारण कारखान्यात मला त्या कानाचंच नाव होतं. मशीनचं बेअरिंग जायच्या आधी बारीक शिट्टी मारायला लागतं. हॉलमध्ये एवढा गोंगाट असतो की माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलतात. त्या गोंगाटात ती शिट्टी हुडकायची तर कानातले प्लग काढायचे, लांब पेचकस बेअरिंगच्या घरावर टेकवायचा आणि त्याची मूठ कानाशी धरायची. यंत्रं आहेत आता त्यासाठी, पण ऑपरेटर मलाच बोलवायचे. "साहेब, जरा कान मूको ने." जरा कान लावा ना. मी ऐकायचो आणि बोटाने खूण करायचो, हे चालेल, ते बदला. माझी खूण चुकायची नाही. बँडवाल्या काकांनी सुरासाठी तयार केलेला कान मी बेअरिंगांना लावला आणि त्यावर पोट भरलं. शिफ्ट संपली तरी मशीन कानात चालूच राहतं, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. वार्षिक तपासणीत डॉक्टरही म्हणायचे, कारखान्यात एवढं चालायचंच. मलाही ते चालायचंच वाटत होतं.

दुकानदाराला सुरतच्या एका शाळेत बँडचं सामान पोचवायचं होतं. जाताना शनिवारी तो डोकमर्डीला आमच्या घरी आला आणि तीन पेट्या ठेवून गेला. काळ्या पेटीत मुलाम्याची साधी, निळीत चांदीच्या हेडची आणि ईची कळ असलेली, तपकिरीत तेच सगळं आणि वर भोकाच्या कळा. "उद्यापर्यंत आरामात वाजवा. चांदीची चमक पहिल्याच फुंकेला समजून येईल," तो जिन्यावरून म्हणाला.

मी काळी वाजवली. मग निळी वाजवली आणि चमकेची वाट पाहत बसलो. पुन्हा काळी, पुन्हा निळी, मग तपकिरी. तिन्ही एकच होत्या. हातात धरताना वजनातला फरक जाणवत होता, बोटांना कळा वेगळ्या लागत होत्या, पण आवाज तोच. दुकानदार फसवतोय, नुसत्या पॉलिशचे पैसे लावतोय, असं माझ्या मनाने घेतलं. त्याची लबाडी पकडायची म्हणून मी बायकोला स्वयंपाकघरात पाठ करून बसायला सांगितलं. मी वाजवणार आणि तिने नुसतं सांगायचं, मघाचीच आहे की दुसरी.

माझी बायको आरती म्हणते तेव्हा मी देवघरातून काढता पाय घेतो, इतका तिचा गळा बेसूर आहे. ती एकदाही चुकली नाही. "ही मघाचीच. ही दुसरी. ही पुन्हा पहिली." मी पेट्यांची झाकणं उघडी ठेवून, बंद ठेवून, एकच बासरी लागोपाठ वाजवून तिला चकवायला बघितलं. ती कंटाळून म्हणाली, "अहो, त्यात ओळखायचं काय आहे? ती काळीतली म्हणजे पाण्यातल्या शेवया, आणि या दोघी दुधातल्या. तुम्हाला नाही का कळत?"

"कळतंय की," मी म्हणालो. मला काहीच कळत नव्हतं, आणि आता भीती वाटायला लागली होती.

तरी ई उरला होता. काकांनी शिकवलेली एक संथ धून आहे, ती वर चढत जाऊन शेवटी ईवर टेकते आणि तो सूर अगदी हळू, लांब धरायचा असतो. निळी बासरी घेतली आणि ती धून सुरू केली. चढत गेलो, ईवर आलो, आणि तो लागला. वर्षभरात ऐकला नव्हता इतका स्वच्छ, बारीक, स्थिर. माझे डोळे भरून आले. चमक गेली खड्ड्यात, मला माझा ई परत मिळाला होता.

"ऐकलास?" मी हाक मारली. "हीच घ्यायची."

ती हात पुसत बाहेर आली. "काय ऐकू?"

"शेवटचा सूर."

"अहो, शेवटी नुसती हवा आली. मला वाटलं तुम्ही मधेच सोडलंत."

मी तिला समोर बसवलं. म्हटलं, सूर आला की बोट वर कर आणि थांबला की खाली घे. पुन्हा धून वाजवली, पुन्हा ईवर आलो. तो मला ऐकू येत होता, अगदी स्पष्ट. तिचं बोट मांडीवरच होतं. ओठ थोडे आवळून फुंक बदलली, तसं तिचं बोट वर गेलं. मला ऐकू येणाऱ्यात काडीचा फरक पडला नाही. फुंक थांबवली आणि तिचं बोट खाली आलं. मी बासरी ओठांपासून काढून पेटीत ठेवली. सूर चालूच होता.

खोलीत बाकी काही वाजत नव्हतं, पंखासुद्धा बंद होता. मी कान झाकले तरी तो होता, उलट जास्तच. मग उमगलं की हा आजचा नाही. हा केव्हापासून माझ्यासोबत जेवतोय, झोपतोय, आणि शिफ्टची सवय म्हणून मी त्याच्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. बायकोने विचारलं, काय झालं. म्हटलं, थकलो. ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि माझा हात धरून ठेवला, म्हणजे तिलाही समजलं असावं.

रविवारी दुकानदार पेट्या न्यायला आला. "काय भाऊ, चमक समजली ना?" मी म्हणालो, तिन्ही छान आहेत, सध्या नको. त्याला वाटलं पैशांची अडचण, आणि जादा कळ कमी करून देतो म्हणाला. तेवढ्यात बायको त्याला चहा द्यायला पुढे झाली म्हणून बरं. माझी जुनी बासरी कपाटात आहे. ती कधी बिघडलेलीच नव्हती.

कारखान्यात मी अजून पेचकस घेऊन हिंडतो. प्लग काढतो, मूठ कानाशी धरतो, आणि सगळा हॉल माझ्या बोटाकडे बघत थांबतो. प्रत्येक बेअरिंग शिट्टी मारतं. चालू द्या म्हणायची छाती होत नाही, म्हणून मी प्रत्येक वेळी बदलायची खूण करतो. परवा स्टोअरवाल्या गुजराती भाईने काढून टाकलेलं एक बेअरिंग माझ्या टेबलावर आणून ठेवलं. त्याने बोटाने फिरवलं तर ते लोण्यासारखं फिरलं.

"साहेब, आमां शुं खराबी हती?" त्याने विचारलं. यात काय खराब होतं?

मी ते उचलून कानाशी नेलं, फिरवलं, आणि खाली ठेवलं.

"शिट्टी मारतंय," मी म्हणालो.